बोटभर बाजूला

बोट वर ओढून घेतली, तिच्या बुडाखाली लाकडी ठोकळे बसले आणि बोटवाला तडक मिस्त्रीच्या शेडवर आला.

"मिस्त्री, या वर्षी मागची चौकट बघावीच लागेल. शेवटच्या फेरीला जाळं ओढताना कुरकुरत होती. म्हातारीच्या गुडघ्यासारखी."

"म्हातारीला काय वय झालं म्हणून दर्यात ढकलायची का? बघू चल," मिस्त्री म्हणाला.

तो शिडीवरून डेकवर चढला. मागोमाग हातोडी आणि तारेचा ब्रश घेऊन त्याची बायको. आवारात सगळे तिला मिस्त्रीण म्हणत. लेक लग्न होऊन लांब गेल्यापासून ती रोज नवऱ्याबरोबर कामावर येत होती. पत्रा धरायचा, गंज खरवडायचा, वेल्डिंगवरची खपली ठोकून काढायची, ही कामं तिची.

बोटीच्या मागच्या टोकाला पोलादी चौकट उभी होती. दोन जाड पाय डेकला जोडलेले, वर आडवी दांडी, दांडीला जड कप्पी. भरलेलं जाळं वर येतं तेव्हा सगळा भार या चौकटीवर येतो, आणि जाळं सोडायला माणसं नेमकी तिच्याखालीच उभी असतात. मिस्त्रीने एका पायावर हातोडी मारली. वर ठण्ण वाजलं. खाली, पाय जिथे डेकला टेकतो तिथे, भद्द वाजलं. गंजाचा पापुद्रा सुटून त्याच्या पायावर पडला.

"खालून खाल्लंय. दोन्ही पाय वीतभर कापून नवा पत्रा घालावा लागेल."

"घाला. पण वेल्डिंग तुमच्या हातचं पाहिजे. चौकटीखाली माझा पोरगा उभा असतो." बोटवाल्याने खाडीपलीकडे मान उडवली. "तिकडच्या कारखान्यात मी जाणार नाही. नवी यंत्रं आणली, पोरं ठेवली, पण बघायला कोणी नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!"

सगळ्यात मोठ्याने मिस्त्री हसला. हसता हसता त्याला खोकला आला. मिस्त्रीण खाली बसून ब्रशने गंज घासत राहिली. तिने वर बघितलं नाही.

पलीकडचा कारखाना मिस्त्रीच्या धाकट्या भावाचा होता. त्याला काम शिकवलं मिस्त्रीनेच. शेडच्या जागेवरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून धाकटा खाडी ओलांडून इकडे फिरकला नव्हता.

आणि मिस्त्रीच्या डोळ्यांचं फक्त बायकोला माहीत होतं.

गेल्या वर्षीपासून त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या ऐन मधोमध करडा डाग बसला होता. कडेचं सगळं दिसायचं. रस्ता दिसायचा, माणसं चालण्यावरून ओळखू यायची, शिडी चढता यायची. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. उभ्या जन्मात वेल्डिंगच्या ठिणगीकडे काच बाजूला करून किती वेळा बघितलं असेल त्याने, घाईत, पैजेवर, कधी नुसत्या गुर्मीत. डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, आतला पडदाच भाजलाय, चष्म्याचा उपयोग नाही. परत येताना वाटेत मिस्त्री एवढंच म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. आवारात कळलं तर उद्या कुणी बिजागरी जोडायलाही येणार नाही."

तेव्हापासून बारीकसारीक कामं ती करू लागली होती. तो शेजारी बसून सांगायचा, ती रॉड धरायची. गिऱ्हाईक आलं की रॉडचा होल्डर त्याच्या हातात जायचा. पण एवढं मोठं काम आलं नव्हतं.

"हे मी करणार," घरी जाताना तो म्हणाला.

"मी पहिला हात मारते, मग तुम्ही—"

"मी करणार म्हटलं ना. त्याने माझा हात मागितलाय."



कापायला आणि खरवडायला बरेच दिवस गेले. डेकवर सावली नव्हती. ऊन वरून, तापलेलं लोखंड खालून. गंजाची तांबडी भुकटी घामात मिसळून मानेवरून ओघळायची. संध्याकाळी अंगावरून पाणी घेतलं की मोरीत रक्त सांडल्यासारखं दिसायचं. तिच्या नखांत गंज गेला, पापण्यांत गंज गेला, जेवताना घासालासुद्धा लोखंडाची चव. पायांचे कापलेले तुकडे खाली टाकले तेव्हा त्यांच्या आतून ओला काळा चिखल निघाला. मिस्त्रीने तो बोटांत चोळून बघितला.

"माणूसही असाच आतून जातो," तो म्हणाला. "वरून रंग शाबूत."

नवे पत्रे तिने मापाने कापून बसवले. जागेवर धरून वेल्डिंगचे बारीक टाके मारले. मग त्याने तिच्या हातातला होल्डर घेतला, मास्क तोंडावर ओढला, डाव्या हाताच्या बोटांनी जोड चाचपला आणि रॉड टेकवला.

आवाज ऐकूनच कळत होतं की हात तोच आहे. तेल बेताचं तापलं की तळणीचा येतो तसा एकसारखा, न अडखळणारा आवाज. मध्ये कुठे फडफड नाही, कुठे रॉड चिकटला नाही. तिने स्वतःची काच डोळ्यांपुढे धरली होती, पण धुरात नीट दिसलं नाही. तो थांबला. मास्क वर केला. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता.

"काढ खपली."

तिने हातोडीने ठोकलं. काळी खपली एका तुकड्यात सुटली. चांगल्या वेल्डिंगची ती खूण. खाली माशाच्या खवल्यांसारखी, एकावर एक निजलेली, चकचकीत ओळ. या किनाऱ्यावर तशी ओळ दुसऱ्या कुणाला जमत नव्हती.

आणि ती ओळ जोडावर नव्हती. जोड बोटभर बाजूला तसाच उघडा होता. तिचे बारीक टाके तेवढे त्याला धरून होते. मिस्त्रीने कोऱ्या, अखंड पत्र्यावर वेल्डिंग मारलं होतं.

"बसली?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होता, तोंड थोडं उघडं, परीक्षेचा निकाल विचारायला आलेल्या पोरासारखं.

"बसली," ती म्हणाली.

"मला वाटलंच. हाताला कळतं." त्याने मांडीवर थाप मारली. "उगाच घाबरलो होतो मी. डोळ्यांचं काम पाव, हाताचं पाऊण."

दुपारी जेवण झालं तशी ती म्हणाली, "उन्हात बसू नका. घरी जाऊन पडा जरा. मी सफाई करून घेते."

तो खुशीत होता. गेला.

तो आवाराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ती थांबली. मग तिने ग्राइंडर सुरू केला आणि त्याची ओळ घासून काढायला लागली. ती तशी राहिली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण येणाराजाणारा विचारणार, हे इथे मध्येच काय? चाक टेकवलं आणि ठिणग्यांचा झोत तिच्या पोटावर, बाहीवर आला. तिने हात हलू दिला नाही. खवलं खवलं जात होतं. शेवटी पत्रा सपाट झाला आणि तिथे नुसती पांढरी झळाळी राहिली.

मग ती गुडघ्यांवर बसली, मास्क ओढला, आणि खऱ्या जोडावर रॉड टेकवला. तिचा आवाज त्याच्यासारखा लागत नव्हता, जरा कोता, घाबरट. पण ती जोड सोडत नव्हती. एक थर झाला की खपली काढायची, घासायची, पुन्हा दुसरा. त्याचाच शब्द ती मनात घोकत होती: घाई करू नकोस, लोखंडाला लोखंड पिऊ दे. चौकटीखाली उभा राहणारा बोटवाल्याचा मुलगा तिच्या डोळ्यांसमोर होता. लहानपणी शेडमध्ये येऊन लोहचुंबकाने लोखंडाचा कीस गोळा करायचा. त्याला आता मिशा आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने त्याच पायाची दुसरी बाजू मारली. तीही बोटभर बाजूला. पुढे दुसऱ्या पायाच्या दोन्ही बाजू, तशाच. दर वेळी तो विचारायचा, "बसली?" आणि दर वेळी ती म्हणायची, "बसली." दुपारी तो घरी जायचा आणि ती ग्राइंडर उचलायची.

बोटवाला बघायला आला. त्याने चौकटीला लोंबकळून झोका घेतला, जोडावर लाथ मारली, मुलाला वर चढवून उड्या मारायला लावल्या.

"वा मिस्त्री! वय झालं, पण हात अजून तोच."

"हाताला कुठे वय असतं?" मिस्त्री म्हणाला.

त्या संध्याकाळी तो किती दिवसांनी घरात बोलला. तरुणपणी एका जहाजाचा नांगर जोडला होता त्याची गोष्ट त्याने सांगितली. ती तिने पुष्कळदा ऐकली होती, आणि नांगर दर वेळी थोडा मोठा व्हायचा. "आता छपराएवढा झालाय तो," ती म्हणाली. तो खदखदून हसला. पाणी प्यायला तिच्या हातातला तांब्या घेतला, तर पहिल्या झटक्यात पकडला. "बघ, बरं दिसायला लागलंय," तो म्हणाला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी नसताना भांडी आवरत बसली.

राहिला होता रंग. मोठ्या भरतीला बोट खाली सोडायची होती, त्याआधी जोडांवर गंजरोधक तांबडा हात द्यायचा. मिस्त्रीण डब्यात काडी घालून रंग ढवळत होती. मिस्त्री जोडावरची धूळ फडक्याने पुसत होता. पुसता पुसता फडकं थांबलं. त्याने ते खाली ठेवलं आणि उघडं बोट जोडावरून फिरवलं. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उलटं.

"हे कुणी मारलं?"

"तुम्हीच की."

"माझं खवलं एवढं बारीक कधी होतं?"

ती रंग ढवळत राहिली. त्याचं बोट बाजूच्या पत्र्यावर सरकलं, तिथला गुळगुळीत पट्टा त्याला लागला, आणि बोट तिथेच राहिलं. खाली कुणीतरी लाकूड ठोकत होतं.

"माझं कुठे होतं?"

तिने काडी डब्यात सोडली. त्याच्याजवळ येऊन बसली, त्याचं बोट धरलं आणि पट्ट्याच्या मधोमध टेकवलं.

"इथे."

"म्हणजे जोडापासून बोटभर."

"हो."

"आणि बाकीची?"

तिने त्याचं बोट तसंच धरून ठेवलं.

"चारही?"

"चारही."

त्याने हात मागे घेतला नाही. मग त्याने विचारलं, "दिसायला कशी होती?"

"सुंदर होती," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "अहो, इतकी सुंदर होती! घासताना माझा हात उचलत नव्हता."

तो तिला गप्प बस म्हणाला नाही, की त्याने तिला जवळही घेतलं नाही. मग तो उठला.

"कुठे निघालात?"

"त्याला सांगायला."

"कशाला? जोड पक्का आहे. मी थरावर थर दिलेत. तुम्हीच बघा ना."

"बघितला. पक्का आहे. माझ्यापेक्षा बरा आहे." तो शिडी चाचपत होता. "पण तो माझ्या शब्दावर त्याखाली पोरगा उभा करतोय. मला दिसत नाही, हे त्याला माहीत पाहिजे."

बोटवाला जाळ्याच्या ढिगावर बसून चहा पीत होता. मिस्त्रीने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा. बोटवाल्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"थट्टा करताय?"

"नाही."

"मग त्या दिवशी मी ते आंधळं दळतंय म्हणालो तेव्हा..."

"म्हण आहे ती. तुझा काय दोष?"

बोटवाल्याने मान खाली घातली. चांगला माणूस होता. त्याला वाईट वाटत होतं ते दिसत होतं. पण मान वर केली तेव्हा तो मिस्त्रिणीकडे न बघताच बोलला.

"वहिनी मेहनती आहेत, कोण नाही म्हणतंय? पण वहिनींच्या वेल्डिंगखाली मी पोराला उभा करू? उद्या काही झालं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या. माझं मन नाही घेत, मिस्त्री."

"मारून बघा हातोडी," मिस्त्रीण म्हणाली. "घण मारा वाटलं तर."

"घणाचा प्रश्न नाही, वहिनी."

तो उठून खाडीपलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला, ग्राइंडर घेऊन. इतक्या वर्षांनी आला, पण तोंड वर करवत नव्हतं त्याला. "दादा," एवढंच म्हणाला आणि डेकवर चढला. हातोडीने जोड ठोकले. ठण्ण वाजलं, चारी ठिकाणी. त्याने बोटवाल्याला वरूनच ओरडून सांगितलं, "काम उत्तम आहे! याला हात लावायची गरज नाही."

"कापून पुन्हा मार," बोटवाला म्हणाला. "तुझ्या हातचं."

धाकटा खाली उतरून शेडमध्ये आला. मिस्त्री ओट्यावर बसला होता, मिस्त्रीण दाराशी.

"दादा, हे कापणं पाप आहे. मी वरून नुसता एक हात देतो आणि सांगतो, नवं मारलं म्हणून. त्याला काय कळतंय?"

"नको," मिस्त्री म्हणाला. "लपवालपवी पुरे झाली. काप तू. दर्यात त्याला झोप लागली पाहिजे."

"वहिनी, तुम्ही तरी..."

"कापा, भावोजी," ती म्हणाली.

ग्राइंडर सुरू झाला. शेडमध्ये दोघं ऐकत बसली. कच्चा जोड असला की चाक सरसर आत जातं आणि आवाज मोकळा होतो. इथे तो मोकळा होत नव्हता. चाक किंचाळायचं, दबायचं, थांबायचं. चाक बदललं असावं. पुन्हा सुरू व्हायचं.

"ऐक," मिस्त्री म्हणाला. "किती जीव खातोय बघ. सुटत नाहीये."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या बाहीला भाजून पडलेली बारीक भोकं होती, ती त्यांत बोट घालून घालून मोठी करत होती.

"लोखंड प्यायलंय लोखंडाला," तो म्हणाला. "कुणी शिकवलं तुला एवढं?"

"कुणी म्हणजे?" ती म्हणाली. "एक होता मिस्त्री."

मोठ्या भरतीला बोट खाली गेली. माणसांचा ओढायचा गलका घरापर्यंत ऐकू आला. मिस्त्री खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. गलका थांबला तेव्हा तो म्हणाला, "गेली." त्यानंतर तो शेडवर आला नाही. ती सकाळी उठवायची, तो म्हणायचा, आज तू हो पुढे.

ती शेड उघडून बसायची. आवारात बातमी पोचली होती. माणसं जाता येता विचारपूस करायची, डोळ्यांचं ऐकून चुकचुकायची, ओट्यावर टेकून पाणीही प्यायची. त्यांच्याच हातात गंजलेल्या कड्या, तुटके हूक, साखळीचे तुकडे असायचे. पाणी पिऊन झालं की ते घेऊन खाडीपलीकडे नेणाऱ्या होडीकडे जायची.

एके दिवशी एक अनोळखी म्हातारा आला. दुसऱ्या किनाऱ्यावरचा असावा. त्याच्या खांद्यावर एक लहानसा नांगर होता, एक नखी मुळाशी चिरलेली. हात निखळलेल्या पोरासारखा तो नांगर त्याने अलगद खाली ठेवला.

"मिस्त्री कुठे आहेत?"

"मिस्त्री नाहीत. मीच करते."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. ती पुढे होऊन नांगरापाशी बसलीसुद्धा. चीर बघून म्हणाली, "आधी ही चीर तळापर्यंत उघडावी लागेल, मग भरायची. दुपारपर्यंत होईल, बाबा."

"असू दे, बाई," म्हातारा म्हणाला. "तुम्हाला कशाला त्रास? मी येईन पुन्हा, मिस्त्री असले की."

त्याने नांगर पुन्हा खांद्यावर घेतला. उचलताना त्याचे पाय लटपटले. तिने हात दिला, नांगर त्याच्या खांद्यावर नीट बसवून दिला. तो गेल्यावर तिने शेडचं दार आतून लावलं आणि यंत्रावर डोकं ठेवून रडली. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबला.

घरी आली तेव्हा मिस्त्री जागा होता. तिच्या पावलांकडे कान लावून म्हणाला, "आलं होतं कुणी?"

"आलं होतं."

"काय घेऊन?"

"नांगर. एक नखी मुळाशी चिरली होती."

तो उठून बसला. "मग?"

ती थांबली. चूल पेटवायची होती, पाणी भरायचं होतं. ती त्याच्याजवळ खाटेवर टेकली.

"केला," ती म्हणाली.

"चीर उघडलीस आधी?"

"तळापर्यंत."

"शाब्बास. तापवलास?"

"तापवला. मग तळाशी बारीक रॉडने एक थर दिला. खपली काढली. मग जाड."

"एका दमात नाही ना?"

"नाही. थांबून थांबून. लोखंडाला लोखंड पिऊ दिलं."

"खवली?"

"बसली. एकावर एक. तुमच्यासारखी नाही, पण बसली."

तो मान डोलवत होता. डोळे मिटले होते आणि हाताची बोटं चादरीवर हळूहळू पुढे सरकत होती, जोडावरून सरकतात तशी. मग त्याने चाचपत तिचा हात शोधला, ओंजळीत घेतला आणि नाकाशी नेला.

तिच्या हाताला धुराचा वास नव्हता. जळक्या रॉडचा नव्हता, तापल्या लोखंडाचा नव्हता. सकाळी हात धुतले होते, त्या साबणाचा होता.



त्याने हात सोडला नाही. मग घसा खाकरून म्हणाला, "छान केलंस. पुढच्या वेळी रॉड जरा तिरका धरत जा, म्हणजे झालं."

"बरं," ती म्हणाली.